दोन भाषांचें ओझें

अँटॉप हिल येथील केंद्र सरकारच्या नोकरांच्या वसाहतींत दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या इमारतीच्या जिन्यापाशीं घटकाभर उभें राहिलें, तर आपल्या देशाचा भाषिक नकाशा कानांनींच वाचावयास मिळतो. पहिल्या मजल्यावर एक आई मुलाला तेलुगूंत हांक मारीत असते. त्याच्या वर मल्याळींत कोणाची तरी समजूत घालणें चालू असतें. समोरच्या दारांत दोन शेजारणी, एक बंगाली आणि एक नागपूरकडची, हिंदींत महागाईचा पाढा वाचीत असतात. खालीं पटांगणांत क्रिकेट खेळणारीं मुलें भांडतात हिंदींत, चिडवितात मराठींत आणि बाद झालेल्याला बाहेर काढतात तें इंग्रजींत. वरून आईची हांक आली म्हणजे उत्तर जातें तें मात्र घरच्या भाषेंत. आपल्या एका तोंडांतून चार भाषा निघाल्या, याचें त्या मुलांना कांहींच अप्रूप वाटत नाहीं.

वसाहतीचा शेजारही तिला शोभेल असाच आहे. एका बाजूला माटुंगा. तेथें दाक्षिणात्य मंडळींनीं १९३२ सालीं साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि तामिळ व कानडी बोलणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तेथेंच मुंबईकर झाल्या. दुसऱ्या बाजूला शीव कोळीवाडा. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित तेथें आले व तेथेंच त्यांनीं नवे संसार मांडले. अशा शहराच्या महानगरपालिकेनें मराठी, हिंदी, उर्दू, गुजराथी, कानडी, तामिळ, तेलुगु आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवाव्या, हें ओघानेंच आलें.

या वसाहतींत माझें राहणें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या जिन्यांतील एका बिऱ्हाडांत जी गोष्ट घडली, तिच्यांत आजच्या भाषणाचें मूळ आहे. बिऱ्हाड सावंतवाडीकडचें. आईबाप दोघेंही नोकरीला; घरांत त्यांचा अडीच-तीन वर्षांचा मुलगा आणि मुलाची आजी. आजीला मालवणीखेरीज दुसरी भाषा बोलतां येत नसे. त्या वयाच्या मुलाकडून जेवढें बोलणें अपेक्षित असतें, तेवढें हा मुलगा बोलत नव्हता. एका शाळेंत प्रवेशासाठीं त्याला नेलें असतां तेथें सांगण्यांत आलें कीं, घरांत दोन-तीन भाषा चालतात म्हणून मुलाचा गोंधळ होतो. घरांत एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी ठेवा. सल्ला देणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. आईबापांनीं तो सल्ला पाळला, आणि जिला तो पाळणें शक्य नव्हतें त्या आजीला नातवासमोर गप्प राहण्यास सांगितलें. एके दिवशीं जिन्यावर भेटली असतां ती मला म्हणाली, "माजी बोली नातवाक बाधता म्हणतत." दृष्ट बाधावी, शिळें अन्न बाधावें, तशी तिची भाषा बाधत होती!

एका भाषेनें दुसरीला खरोखर बाधा होते काय? आणि होत नसेल, तर ही समजूत आली कोठून? या दोन प्रश्नांचा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

आपल्या मुंबईपुरतें बोलावयाचें तर ही भीति फार जुनी नाहीं. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' पत्र सुरू केलें, तें एकाच पानावर शेजारीं शेजारीं दोन स्तंभ मांडून. एका स्तंभांत इंग्रजी, दुसऱ्यांत मराठी. बाळशास्त्री तेव्हां विशीच्या आसपास होते आणि अनेक देशी-विदेशी भाषांत त्यांची गति होती. पुढें मुंबईच्या शिक्षणमंडळांत १८४७ च्या सुमारास भाषेवरून मोठाच वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजींतून द्यावें या मताचे. कर्नल जर्व्हिस आणि नाना शंकरशेट प्रभृति एतद्देशीय सभासद हे देशी भाषांचे कैवारी. वाद कडाक्याचा झाला. पण ज्ञान कोणत्या भाषेंतून अधिक दूर आणि अधिक खोल पोंचेल, हा त्याचा विषय होता. मुलाच्या डोक्यांत दोन भाषा मावतील कीं नाहीं, हा नव्हता.

तो दुसरा प्रश्न युरोपांत आणि अमेरिकेंत निघाला. तेथें एकोणिसाव्या शतकांत एक राष्ट्र, एक भाषा ही कल्पना बळावली होती, आणि त्याच काळांत वैद्यशास्त्र मेंदूंत भाषेची जागा शोधूं लागलें होतें. १८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें एका मृत रोग्याचा मेंदू तपासला. या रोग्याला दुसऱ्याचें बोलणें समजत असे. त्याच्या स्वतःच्या मुखांतून मात्र 'तां' या एका ध्वनीखेरीज जवळजवळ कांहींच निघत नसे. मेंदूच्या डाव्या अर्धांत, कपाळामागील भागांत, ब्रोकाला इजा आढळली. १८७४ सालीं कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यानें डाव्या अर्धांतच, पण अधिक मागें, कानाच्या बाजूस, दुसरी जागा दाखविली. तेथें इजा झाली म्हणजे माणूस अस्खलित बोलतो, पण त्याच्या बोलण्यांत अर्थ राहत नाहीं आणि दुसऱ्याचें बोलणें त्याला उमगत नाहीं.

मग सहजच प्रश्न आला: ज्याला दोन भाषा येतात त्याला वाचाघात झाला, तर कोणती भाषा जाते आणि कोणती परत येते? तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानें १८८१ सालीं स्मृतीच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. जें सर्वांत आधीं मनांत रुजलें, तें सर्वांत शेवटीं जातें, असा त्याचा नियम. त्या न्यायानें मातृभाषा टिकावी. १८९५ सालीं अल्बेर पीत्र यानें निराळें निरीक्षण मांडलें: आजारापूर्वीं जी भाषा अधिक वापरांत होती, ती आधीं परत येते, मग ती आईची असो वा कचेरीची. पुढील काळांत अनेक रोग्यांच्या नोंदी जमल्या, तेव्हां दिसून आलें कीं दोन्ही नियमांना अपवाद पुष्कळ आहेत, आणि बऱ्याच रोग्यांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेंच सावरतात. पण पीत्रच्या निरीक्षणांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भाषेला मेंदूंत जें स्थान मिळतें, तें वापरानें मिळतें.

या सगळ्या शोधांतून सामान्य सुशिक्षितांच्या मनांत मेंदूचें एक चित्र तयार झालें. मेंदू म्हणजे ठराविक खणांची पेटी. एका खणांत एक भाषा. दुसरी घालावयाची तर पहिलीला अडचण होणारच. ऑटो येस्पर्सन हा डेन्मार्कचा थोर भाषापंडित. त्यानेंही १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत शंका प्रकट केली कीं दोन भाषा शिकणाऱ्या मुलाला एकही पूर्णत्वानें येत नाहीं, आणि त्या श्रमानें त्याची इतर शिकण्याची शक्ति खर्ची पडते. अशा विद्वानाचा नुसता तर्कही लोकांना प्रमाण वाटतो.

त्यानंतर आले बुद्धिमापनाचे आंकडे. १९२३ सालीं डी. जे. सेअर यानें वेल्समधील सुमारें १,४०० मुलांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. खेड्यांतील द्वैभाषिक मुलांना एकभाषी मुलांपेक्षां कमी गुण पडले, असें त्याला आढळलें. १९२६ सालीं अमेरिकेंत फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषीनें याच्याही पुढें जाऊन, परदेशांतून आलेल्या कुटुंबांनीं घरांत आपली जुनी भाषा चालू ठेवणें हें मुलांच्या बौद्धिक मागासलेपणाचें एक प्रमुख कारण असावें, असें सुचविलें. आमच्या जिन्यांतील आजीला गप्प बसविणाऱ्या सल्ल्याचें कूळ शोधावयाचें तर तें या आंकड्यांपर्यंत जातें.

आतां या आंकड्यांकडे जरा निरखून पाहूं. सेअरच्या नोंदींत खेड्यांतील मुलें मागें पडलेलीं दिसतात. शहरांतील द्वैभाषिक मुलें मात्र पडलेलीं दिसत नाहींत. बाधा जर भाषेची असती, तर ती शहराच्या वेशीवर कां थांबली? खेड्यांतील मुलाची शाळा निराळी, घरांतील पुस्तकें निराळीं आणि इंग्रजीशीं त्याचा संबंधही तुटपुंजा. अमेरिकेंत तर नुकतेंच आगबोटींतून उतरलेले दरिद्री लोक. त्यांच्या मुलांची परीक्षा त्यांना नीट न येणाऱ्या भाषेंत घ्यावयाची, त्यांची तुलना सुस्थित घरांतील मुलांशीं करावयाची, आणि जी तफावत निघेल ती आईच्या भाषेच्या माथीं मारावयाची, असा तो प्रकार होता. मोजलें गेलें दारिद्र्य आणि परकेपण. दोष लागला तो भाषेला. या परीक्षकांनीं लबाडी केली, असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं तुलना चुकीच्या जोडीशीं केली, एवढाच त्यांचा अपराध. पण त्याची शिक्षा लाखों घरांतील आजी-आजोबांनीं भोगली.

गंमत अशी कीं, त्याच काळांत कांहीं माणसें निराळ्या पद्धतीनें काम करीत होतीं. झ्यूल रोंझा हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. त्याची पत्नी जर्मनभाषी. बापानें मुलाशीं फ्रेंचच बोलावें, आईनें जर्मनच बोलावें, हा नियम त्यांनीं पाळला, आणि लुई नांवाच्या आपल्या मुलाच्या बोलण्याची बारकाईनें नोंद करून रोंझानें १९१३ सालीं ती प्रसिद्ध केली. मुलानें दोन्ही भाषा वेगळाल्या ठेवल्या. त्याचा गोंधळ झाला नाहीं. पुढें अमेरिकेंत वेर्नर लिओपोल्ड यानें आपल्या हिल्डेगार्ड नांवाच्या मुलीवर १९३९ ते १९४९ या काळांत चार खंड लिहिले. बाप तिच्याशीं जर्मन बोले. बाकीचें सारें जग इंग्रजी. आरंभीं तिच्या बोलण्यांत दोन्ही भाषांचे शब्द एकत्र येत. पुढें ते आपोआप वेगळे झाले. इंग्रजी वातावरणांत तिची जर्मन मागें पडली, आणि जर्मनींत मुक्काम होतांच ती पुन्हां वर आली. परीक्षकांनीं हजारों मुलें एकेकदां पाहिलीं. या बापांनीं एकेक मूल रोज पाहिलें. एका घरावरून सर्व जगाचा नियम काढतां येत नाहीं हें खरें. परंतु मेंदू ही खणांची पेटी नव्हे, हें दाखविण्यास एक घरही पुरतें.

मोठा पालट झाला तो १९६२ सालीं, कॅनडांतील माँट्रियल शहरीं. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनीं दहा वर्षांच्या फ्रेंच मुलांच्या दोन गटांची तुलना केली: एक फक्त फ्रेंच बोलणारा, दुसरा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही सारख्याच सफाईनें बोलणारा. घरची परिस्थिति सारखी असेल, याची त्यांनीं काळजी घेतली. द्वैभाषिक मुलें मागें पडलीं नाहींतच. अनेक परीक्षांत तीं पुढें निघालीं. यालाही आक्षेप घेतां येतो. दोन्ही भाषा सफाईनें येणारींच मुलें निवडलीं, तर हुशार मुलेंच निवडलीं गेलीं असण्याचा संभव आहे. असें असलें तरी जुन्या भीतीचा पाया या संशोधनानें खिळखिळा केला, यांत संशय नाहीं.

परंतु श्रोतेहो, या सर्व संशोधकांच्या मनांत एक गृहीत गोष्ट होती. माणसाला स्वभावतः एक भाषा असते. दुसरी येणें ही विशेष घटना, म्हणून तिचा परिणाम तपासावयाचा. आपल्याकडे ही कल्पनाच उलटी करावी लागते, हें ज्यांनीं ठामपणें सांगितलें ते प्रबोध पंडित. ते गुजराथी, १९२३ सालीं जन्मलेले. पुणें विद्यापीठांतील डॉ. पां. दा. गुणे स्मारक व्याख्यानांत त्यांनीं हा विषय मांडला, आणि १९७२ सालीं विद्यापीठानें तीं व्याख्यानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांत त्यांनीं मुंबईंत स्थायिक झालेल्या एका गुजराथी मसाल्याच्या व्यापाऱ्याचें उदाहरण दिलें आहे. हा गृहस्थ घरांत गुजराथी बोलतो, भाजीबाजारांत मराठी, दूधवाल्याशीं हिंदी, व्यापाऱ्यांच्या मेळ्यांत कच्छी आणि कोंकणी, आणि एखाद्या औपचारिक प्रसंगीं थोडीशी इंग्रजी. त्याला कोणी बहुभाषापंडित म्हणत नाहीं, आणि तो स्वतःही तसें समजत नाहीं. पंडितांचा मुद्दा असा कीं, युरोप-अमेरिकेंत परप्रांतीय कुटुंबाची दुसरी-तिसरी पिढी आपली भाषा सोडून देते, आणि कोणी न सोडली तर तेथें नवल वाटतें. आपल्याकडे भाषा टिकविणें हीच रीत आहे. सोडली तर कां सोडली, असें विचारावें लागतें.

याचें याहूनही ठसठशीत उदाहरण आपल्या सरहद्दीवर आहे. सांगली जिल्ह्यांतील कुपवाड या गांवाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनीं केला, आणि १९७१ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्या वेळीं गांवांत चार भाषा नांदत होत्या. जैन शेतकऱ्यांच्या घरीं कानडी, मुसलमानांच्या घरीं उर्दू, दलित आणि भूमिहीन कुटुंबांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या कांहीं घरांत तेलुगु. हा शेजार कित्येक शतकांचा. रोजच्या व्यवहारांत बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा लागत, आणि निरनिराळ्या समाजांचे लोक एकत्र आले म्हणजे बहुधा मराठींत बोलत. संशोधकांना असें दिसलें कीं, या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली कीं, एका भाषेंतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरींत उतरवावें. पुढें चाळीसएक वर्षांनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील सोनल कुलकर्णी-जोशी यांनीं त्याच गांवच्या भाषांचा पुन्हां अभ्यास करून या निष्कर्षाची चिकित्सक छाननी केली आणि ती २०१६ सालीं मांडली. शास्त्र असें फेरतपासणीनेंच पुढें जातें.

आपल्या प्रश्नापुरतें या गांवाचें महत्त्व निराळें आहे. रोज ऐन बाजारांत एकमेकांच्या भाषा बोलणाऱ्या या लोकांनीं शतकानुशतकें घरची भाषा कां सोडली नाहीं? कारण तिला तिची अशी जागा होती. चुलीपाशीं, देवघरांत, सोयरिकींत तीच भाषा चाले. बाहेरची भाषा बाहेर वाढली, घरची घरांत वाढली. एकीनें दुसरीची जागा मागितली नाहीं. भाषा मरते ती शेजारणीमुळें नव्हे. तिचा उंबरठा काढून घेतला म्हणजे मरते.

अजित मोहंती यांचें ओडिशांतील काम याच ओळीचें. कोंध नांवाची आदिवासी जमात. तिच्यांतील कांहीं गांवांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलल्या जातात, तर कांहीं गांवांत कुई मागें पडून एकटी ओडिया राहिली आहे. जमात एक, चालीरीति एक, दारिद्र्यही एक. फरक तेवढा भाषांचा. वेल्समध्यें जी जोडी जुळली नव्हती ती येथें आपोआप जुळली. मोहंती यांना द्वैभाषिक मुलें बुद्धीच्या व भाषाविचाराच्या परीक्षांत पुढें असलेलीं आढळलीं. त्यांतील कित्येक मुलें शाळेची पायरीही चढलेलीं नव्हतीं.

आतां अगदीं तान्ह्या मुलाकडे वळूं. १९८४ सालीं कॅनडांत जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यांनीं हिंदींतील 'ट' आणि 'त' हे ध्वनि घेतले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला यांतील भेद सहसा ऐकूं येत नाहीं. आपल्या 'ताट' या साध्या शब्दाशीं परक्या पाहुण्याची झटापट आपण पाहिलेलीच असते. पण इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो भेद स्पष्ट ऐकूं येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो जवळजवळ नाहींसा झाला होता. याचा अर्थ असा कीं, मूल जन्मतः अनेक भाषांसाठीं कान उघडे ठेवून येतें, आणि जे ध्वनि भोंवतीं ऐकूं येत नाहींत त्यांचीं दारें तें वर्षाच्या आंत लोटून घेतें. तीं पुढें उघडत नाहींत असें नाहीं. पण जोर लावावा लागतो. आजीनें पाळण्यापाशीं म्हटलेलें एखादें गाणें तें दार उघडें ठेवीत असतें.

मेंदूंत डोकावण्याचीं यंत्रें निघालीं तेव्हां खणांची कल्पना आणखी मागें पडली. १९९७ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांना असें आढळलें कीं, ज्यांनीं दोन्ही भाषा बालपणीं आत्मसात् केल्या त्यांच्या मेंदूंतील ब्रोकाच्या जागीं दोन्ही भाषा एकाच ठिकाणीं काम करतात. मोठेपणीं दुसरी भाषा शिकणाऱ्यांत त्या शेजारीं शेजारीं, पण थोड्या वेगळ्या असतात. पुढील प्रयोगांनीं दाखविलें कीं वयाइतकेंच प्रभुत्वालाही महत्त्व आहे. द्वैभाषिक माणूस एका भाषेंत बोलत असतांना दुसरी निजलेली नसते. दोन्ही जाग्या असतात, आणि योग्य ती पुढें करून दुसरीला मागें ठेवण्याची कसरत मेंदू अखंड करीत असतो.

या कसरतीचा लाभ म्हातारपणीं होतो काय? टोरोंटो येथें एलन बियालिस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं असें मांडलें कीं, द्वैभाषिक रोग्यांत स्मृतिभ्रंशाचीं लक्षणें सुमारें चार वर्षें उशिरा दिसूं लागतात. पण टोरोंटोंतील द्वैभाषिक लोक बहुतेक परदेशांतून आलेले; फरक भाषेचा कीं देशांतराचा, ही शंका राहिलीच. तिचें उत्तर शोधण्यास हैदराबादसारखें शहर नाहीं. मराठवाड्यांतील आपल्या जुन्या घरांना त्या शहराची ओळख पटवून देण्याची गरज नाहीं. तेलुगु, उर्दू, हिंदी, इंग्रजी तेथें एका गल्लींत नांदतात, आणि दुसरी भाषा बोलावयास कोणाला देशांतर करावें लागत नाहीं. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेंत डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६४८ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. पैकीं ३९१ एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. २०१३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, अशा रोग्यांत स्मृतिभ्रंशाचा आरंभ सरासरी साडेचार वर्षें उशिरा झाला. निरक्षरांतही हा फरक दिसला, तेव्हां तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणतां येईना. २०१६ सालीं त्यांनीं पक्षाघाताच्या ६०८ रोग्यांची पाहणी मांडली. आजारानंतर बौद्धिक शक्ति शाबूत राहिलेले द्वैभाषिकांत शेंकडा ४० हून थोडे अधिक होते, एकभाषी रोग्यांत शेंकडा २० हूनही थोडे कमी. वाचाघाताचें प्रमाण मात्र दोन्हींकडे सारखेंच.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. द्वैभाषिकतेचा लाभ दाखविणारे निबंध सहज छापले जातात आणि न दाखविणारे पेटींत पडून राहतात, असा आक्षेप २०१५ सालीं कांहीं संशोधकांनीं पुराव्यानिशीं घेतला. २०१९ सालीं अमेरिकेंतील नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत द्वैभाषिक मुलांचा विशेष फायदा आढळला नाहीं. तोटा तर नाहींच. तेव्हां दुसरी भाषा हें बुद्धिवर्धक रसायन आहे, रोज दोन चमचे मुलाला पाजावें, असा प्रचारही कोणी करूं नये. शंभर वर्षांपूर्वीं भाषेला उगीच शाप चिकटविला. आज तिला उगीच वर चिकटवूं नये. वाद लाभाविषयीं अजून चालू आहे. अपायाविषयीं मात्र जुनें मत टिकलेलें नाहीं.

मग गृहस्थाश्रमी माणसानें यांतून काय घ्यावें? मूल उशिरा बोलत असेल, तर घरांतील भाषांना दोष देण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावे आणि वाचोपचार जाणणाऱ्यास दाखवावें. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतील मिळून मोजावे; फ्लॉरिडांत इंग्रजी-स्पॅनिश मुलांची १९९३ सालीं अशी मोजदाद झाली, तेव्हां एकूण बेरीज एकभाषी मुलांएवढीच भरली. मुलानें एका वाक्यांत दोन भाषांचे शब्द घातले म्हणून घाबरूं नये. हिल्डेगार्डही तसेंच बोले. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आईबापांनीं मुलाशीं त्या भाषेंत बोलावें जींत त्यांना रागावतां येतें, लाडावतां येतें, गोष्ट रंगवून सांगतां येते. मोजक्या शंभर वाक्यांची उसनी इंग्रजी घरांत आणली, तर मुलाला इंग्रजी मिळत नाहीं. मिळतात तीं तीं शंभर वाक्यें. इंग्रजी त्याला शाळा देईल, गल्ली हिंदी देईल. घरची भाषा घराखेरीज दुसरें कोणी देणार नाहीं.

आमच्या जिन्यांतील मुलाचें पुढें काय झालें, तें सांगून भाषण संपवितों. एका जाणत्या डॉक्टरांनीं त्याचे कान तपासले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागें पाणी सांचलें होतें. त्याला साराच संसार भिंतीपलीकडून ऐकल्यासारखा ऐकूं येत होता. उपचार झाले, आणि कांहीं महिन्यांनीं तो बोलूं लागला. आजीवरील बंदी उठली. आज तो शाळेंतून येतांना मित्रांशीं हिंदींत भांडतो, आणि जिना चढतां चढतां आजीला मालवणींत जेवण मागतो. सल्ला देणारे विसरले; आईबापही विसरले. पण एक दिवस म्हातारीनें मला हिशेब सांगितला: ती चार महिने नातवाशीं बोलली नव्हती. त्या वयांतील चार महिने म्हणजे नातवाच्या आयुष्याचा केवढा भाग, आणि तिच्या उरलेल्या आयुष्याचा केवढा, याची मोजदाद कोणत्याही संशोधनांत झालेली नाहीं. ती आपल्यापुढें ठेवून मी आपली रजा घेतों.